आवाजाचा ठावठिकाणा

बोलणाराला फार काळ लपतां येत नाहीं, हें माणसाला पूर्वापार ठाऊक आहे. लपंडावांत दाराआड दडलेलें पोर नुसतें खुदकन् हसलें कीं त्याच्यावर राज्य आलेंच म्हणून समजावें. बिनतारी संदेशाची विद्या जन्मास आली तेव्हां हा जुना नियम आतां मोडला, असें कित्येकांस वाटलें. मध्यें तार नाहीं, खांब नाहीं, पाकिटावर टपालाचा शिक्का नाहीं. शब्द आकाशांत सोडून द्यावा, तो हजारों लोकांनीं ऐकावा, आणि तो कोणत्या घरांतून निघाला याचा कोणास पत्ताहि लागूं नये, अशी ही सोय दिसत होती. परंतु विद्युल्लहरी जितक्या मोकळ्या तितक्याच चुगलखोर निघाल्या. ज्या क्षणीं यंत्र बोलूं लागतें त्याच क्षणीं तें आपला ठावठिकाणाहि सांगूं लागतें. मात्र तो ऐकण्याची युक्ति माहीत असली पाहिजे. ह्या युक्तीचा इतिहास, आणि ती कोठपर्यंत पोंचते व कोठें थांबते ह्याचा विचार, आम्हांस प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. १९४२ सालीं मुंबईंत चाललेल्या काँग्रेस रेडिओची हकीकत महाराष्ट्रांत बहुश्रुत आहे. पण ती ह्या दृष्टीनें क्वचितच वाचली जाते, आणि तशी वाचल्यावांचून तिच्यांतील मुख्य धडा हातीं लागत नाहीं, असें आमचें मत आहे.

शोधकाच्या हातीं मुळांत दोनच साधनें असतात. एक लहरींची दिशा आणि दुसरें लहरींचा जोर. प्रथम दिशेचा विचार करूं. तारेचें मोठें वेटोळें उभें करून तें स्वतःभोंवतीं फिरविलें, तर त्याची कड प्रक्षेपक यंत्राकडे असतां आवाज सर्वांत मोठा येतो, आणि त्याचें तोंड तिकडे झालें कीं आवाज जवळजवळ नाहींसा होतो. नवख्याला वाटेल कीं आवाज मोठा होईल तीच खूण धरावी. अनुभवी माणूस बरोबर उलट करितो. आवाज कोठें बुडतो तें तो पाहतो. कारण मोठा आवाज किंचित् कमीजास्त झाला तर कानाला फरक कळत नाहीं, उलट शांतता मात्र वेटोळें अंशभर फिरवितांच मोडते. आवाजाचा माग शांततेवरून काढावयाचा, ही ह्या विद्येंतील पहिली गंमत आहे. अशा रीतीनें एका ठिकाणाहून नकाशावर एक रेघ मिळते. दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही जेथें छेदतील त्याच्या आसपास यंत्र आहे असें समजावें.

हेन्रिक हर्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८८ च्या सुमारास विद्युल्लहरींचें अस्तित्व प्रयोगानें दाखवून दिलें. १९०७ सालीं बेलिनी व तोसी ह्या इटालियन गृहस्थांनीं वेटोळें न फिरवितां दिशा काढण्याची रचना बसविली. तिचें महत्त्व पहिल्या महायुद्धांत कळून आलें. इंग्रजांच्या बाजूस कॅप्टन राउंड ह्यानें दिशा काढणारीं ठाणीं उभारलीं होतीं, आणि विल्हेल्म्सहाफेन बंदरांतील जर्मन आरमाराच्या संदेशांवर त्यांची नजर असे. १९१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्या संदेशांची दिशा सुमारें दीड अंशानें सरकलेली आढळली. तेवढ्यावरून, आरमार बंदर सोडून निघण्याच्या बेतांत आहे असा तर्क बांधण्यांत आला, इंग्रज आरमार समुद्रावर निघालें, आणि ३१ मे रोजीं जटलंडची लढाई जुंपली. संदेशांत काय लिहिलें होतें हें वाचावयाचीहि गरज पडली नाहीं. तो कोठून आला एवढेंच पुरें झालें.

परंतु अंशाचा हिशेब जितका उपयोगी तितकाच फसवाहि आहे. १२० मैलांवरून एका अंशाची चूक म्हणजे जागेवर दोन मैलांची चूक. समुद्रांत दोन मैल म्हणजे कांहींच नव्हे. दाट वस्तीच्या शहरांत दोन मैलांच्या टापूंत हजारों खोल्या मावतात. शिवाय रात्रीं लहरी आकाशांतील विद्युत्भारित थरांवर आपटून तिरप्या खालीं येतात, आणि वेटोळ्याला खोटी दिशा सांगतात. हा दोष कमी करणारी रचना अ‍ॅडकॉक ह्या इंग्रज इंजिनिअरनें १९१९ च्या सुमारास सुचविली. पुढें १९२६ सालीं वॉटसन-वॅट व हर्ड ह्यांनीं दिशा क्षणार्धांत पडद्यावर प्रकाशरेषेनें उमटविणारें यंत्र दाखविलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत त्याच तत्त्वावरचीं यंत्रें जहाजांवर बसवून अटलांटिक महासागरांतील जर्मन पाणबुड्यांचे कांहीं सेकंदांचे संदेशहि पकडण्यांत आले. तरीहि गांवांतलें घर हुडकण्याचें काम दूरच्या ठाण्याला साधत नाहीं. लघुलहरींच्या बाबतींत तर अडचण अधिकच. जमिनीलगत जाणारी लहर थोड्याच मैलांत विरते, आकाशांतून परतणारी लहर दूर जाऊन उतरते, आणि मधल्या पट्ट्यांत कांहीं ऐकूंच येत नाहीं. म्हणून शेवटचा टप्पा शहराच्या रस्त्यांवरूनच चालावा लागतो.

ह्या शेवटच्या टप्प्यांत जोराचें महत्त्व वाढतें. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं लहरींची शक्ति चौथाई होते. ह्याचा अर्थ नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. यंत्रापासून १००० पावलांवर उभा असलेला माणूस पांच पावलें पुढें सरकला तर त्याला मिळणारा जोर शेंकडा एक एवढाच वाढतो; पण तोच माणूस दहा पावलांवर असतां पांच पावलें पुढें आला तर जोर चौपट होतो. म्हणजे दूर असतां जोर मुका असतो आणि जवळ येऊं लागतांच तो वाचाळ होतो. शोध घेणाराची खात्री पावलागणिक वाढत जाते, आणि लपणाराचा धोकाहि त्याच प्रमाणांत वाढतो. दुर्दैव किंवा सुदैव म्हणा, शहर ही मोकळी जागा नव्हे. भिंती लहरी गिळतात, लोखंडी तुळया व विजेच्या तारा त्या परतवितात, आणि कित्येकदां खरें यंत्र एका चाळींत असतां समोरच्या चाळीच्या नळापाशीं जोर अधिक भरतो. म्हणून एका मोजमापावर विश्वासून चालत नाहीं. दहा ठिकाणीं मोजावें, वस्तीला फेरी घालावी, आणि मगच आंकड्यांवरून अनुमान करावें.

ह्या पद्धतीचें एक भयंकर यशस्वी उदाहरण ब्रुसेल्स शहरांतलें आहे. तेथें रशियाच्या बाजूनें काम करणारें एक गुप्त मंडळ मॉस्कोला संदेश पाठवीत असे. संदेश इतके सांचले होते कीं यंत्र रात्रींमागून रात्रीं तासन् तास चालू राही; आणि शोधकाला हवा असतो तो वेळच. जर्मन लष्कराच्या बिनतारी-शोध पथकानें फेऱ्या घालून घालून टापू लहान करीत आणला, आणि १९४१ च्या डिसेंबरच्या मध्यास तो अत्रेबात नांवाच्या रस्त्यावरील लगतच्या तीन घरांवर येऊन ठेपला. पुढें यंत्राला बोट दाखवितां येईना. तेव्हां तिन्ही घरांत एकदमच शिरणें त्यांना भाग पडलें. यंत्राची जेथें शिकस्त झाली तेथेंहि त्यानें एकच दरवाजा दाखविला नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी; कारण मुंबईची हकीकत समजण्यास तिचा उपयोग आहे.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला, आणि दुसरा दिवस उजाडण्यापूर्वींच पुढाऱ्यांची धरपकड सुरू झाली. वर्तमानपत्रांवर निर्बंध होते. हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने युद्धाच्या आरंभींच रद्द झालेले होते. अशा वेळीं मुंबईंतील कांहीं तरुणांनीं आपलें स्वतःचें नभोवाणी केंद्र चालविण्याचा संकल्प केला. बावीस वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास जव्हेरी, चंद्रकांत जव्हेरी हीं त्यांतील प्रमुख नांवें. शिकागो रेडिओ ह्या व्यापारी पेढीचे नानक मोटवाने ह्यांचें साहाय्य होतें, आणि डॉ. राममनोहर लोहिया व अच्युतराव पटवर्धन ह्यांच्यासारख्या भूमिगत नेत्यांचा पाठिंबा होता. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटर लांबीच्या लहरीवर काँग्रेस रेडिओ बोलूं लागला. आपण हिंदुस्थानांत कोठून तरी बोलत आहों, एवढाच पत्ता तो देत असे. चितगांववरील बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि आमच्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर चिमूर व आष्टी येथील अत्याचार, ह्या बातम्या छापील कागदावर येत नव्हत्या त्या ह्या लहरीवरून लोकांस कळल्या.

सरकारास तो आवाज अर्थातच सहन होण्यासारखा नव्हता. शोधगाड्या रस्त्यांवर फिरूं लागल्या. एका जागीं फार दिवस राहिलें तर गाडी उंबऱ्यापर्यंत येणार, हें केंद्रवाल्यांनाहि कळत होतें. म्हणून त्यांनीं बिऱ्हाडें बदलण्याचा मार्ग धरला. चौपाटीवरचें सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भुवन, गिरगांवांतील पारेखवाडी, अशा अनेक जागा अवघ्या तीन महिन्यांत झाल्या. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पारेखवाडींत छापा पडला. त्या वेळीं कार्यक्रम संपत आला होता आणि 'वंदे मातरम्'ची तबकडी लागली होती. ती थांबविण्याचा हुकूम झाला असतां आपण ती थांबविली नाहीं, असें उषाबेन पुढें सांगत. त्या व चंद्रकांत जव्हेरी तेथेंच पकडले गेले. १९४३ सालीं खास न्यायालयापुढें खटला चालून बाबूभाई खाकर ह्यांना पांच, उषाबेनना चार व चंद्रकांत जव्हेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास जव्हेरी व मोटवाने हे दोषमुक्त झाले. उषाबेनची येरवड्याहून सुटका १९४६ सालीं झाली.

आतां मुख्य प्रश्न. पारेखवाडी कोणी दाखविली? शोधगाडीनें, असें सांगण्याचा मोह होतो, आणि यंत्राच्या महत्तेनें दिपलेल्या आमच्या काळास तें उत्तर पटतेंहि. परंतु उषाबेननीं अखेरपर्यंत जें सांगितलें तें निराळें आहे. केंद्राचें तांत्रिक काम ज्याच्या हातीं होतें त्याच इसमानें पोलिसांना ठिकाण दाखविलें, असें त्यांचें म्हणणें होतें. मग गाडी निरुपयोगी ठरली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आमच्या मतें तिनें आपलें काम केलें, पण तें लोक समजतात त्याहून वेगळें होतें. गाडीच्या धास्तीनें केंद्राला बिऱ्हाड बदलावें लागलें. प्रत्येक नव्या जागेला नवा घरमालक आला, सामान हलविणारे नवे हात आले, शेजारपाजारचे नवे डोळे आले, आणि यंत्र पुन्हां पुन्हां जोडून देणाऱ्या जाणकारावरचें अवलंबन वाढत गेलें. गुपित जितक्या अधिक माणसांत वांटावें तितकें तें पातळ होतें. गाडीनें घर शोधलें नसेल. तिनें गुपिताचे भागीदार वाढविले, आणि त्यांतला एक फुटला.

ह्या अनुमानास पॅरिसमधील एक हकीकत बळकटी देते. बडोद्यांत जन्मलेले गायक व सूफी उपदेशक इनायत खान ह्यांची कन्या नूर इनायत खान हिला इंग्रजांनीं जून १९४३ मध्यें बिनतारी यंत्र चालविण्यासाठीं गुप्तपणें फ्रान्सांत उतरविलें. ती पोंचते न पोंचते तोंच तिच्या मंडळांतील बहुतेक लोक पकडले गेले. जर्मनांच्या शोधगाड्या फिरत असतां ती जागा बदलीत, थोडा वेळ बोलून यंत्र मिटीत, कित्येक महिने निसटत राहिली. यंत्रांना ती सांपडली नाहीं. ऑक्टोबरांत ती पकडली गेली ती, ओळखीच्याच कोणी पैशासाठीं तिचा पत्ता विकला म्हणून, असें इतिहासकार मानतात. १३ सप्टेंबर १९४४ रोजीं डाखाउच्या छळछावणींत तिला गोळी घालण्यांत आली. गिरगांव आणि पॅरिस ह्यांत हजारों मैलांचें अंतर आहे; पण दोन्हीकडे यंत्रानें टापू आंखला आणि दरवाजा माणसानें दाखविला. टापू आणि दरवाजा ह्यांच्यामध्यें एक माणूस उभा असे. तो फुटूं शके. पण तोंड मिटून राहणेंहि त्याच्याच हातीं असे. बाबूभाई, उषाबेन व त्यांचे सोबती महिनोंमहिने चौकशीला तोंड देत राहिले, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू होय.

युद्ध संपलें, पण ही विद्या संपली नाहीं. १९९७ सालीं घरगुती व कचेरींतील बिनतारी जोडणीचें एक प्रमाण ठरलें. आज आपण त्यास वाय-फाय म्हणतों. ह्या लहरी जेमतेम बारा सेंटिमीटर लांबीच्या. त्यामुळें खोलींत वीतभर सरकलें तरी जोर एकदम चढतो किंवा पडतो. इतक्या लहरी स्वभावाच्या मोजमापावरून ठिकाण काढतां येईल असें कोणास वाटलें नसतें. परंतु २००० सालीं बाल व पद्मनाभन् ह्या अमेरिकेंत काम करणाऱ्या दोन संशोधकांनीं एक साधी युक्ति प्रसिद्ध केली. इमारतीच्या एका मजल्यावर तीन प्रक्षेपक ठेवून त्यांनीं सत्तर जागीं जोर मोजला व त्याची वही करून ठेवली. मग कोठल्याहि जागचा जोर त्या वहीशीं ताडून पाहावयाचा. ज्या जागेशीं तो अधिकांत अधिक जुळेल ती जागा आपली. सुमारें तीन मीटरांच्या आंत ठिकाण सांपडूं लागलें. मोजणाराचें शरीर प्रक्षेपकाच्या आड आलें तर आंकडा बदलतो, हेंहि त्यांस आढळलें. म्हणून त्यांनीं प्रत्येक जागीं चारी दिशांना तोंड करून मोजलें. भिंतींमुळें जोर बिघडतो ही जुनी तक्रार होती. ह्या युक्तीनें तो बिघाडच प्रत्येक जागेची खूण बनला.

पुढें शोधगाड्या पुन्हां रस्त्यांवर आल्या. २००३ सालीं स्थापन झालेल्या स्कायहूक ह्या अमेरिकन कंपनीनें गाड्या फिरवून शहरोशहरींच्या वाय-फाय यंत्रांचा जोर व पत्ता नोंदविला, आणि २००८ सालीं आयफोनला त्या नोंदवहीवरून आपलें ठिकाण कळूं लागलें. गूगलच्या रस्त्यांचीं छायाचित्रें घेणाऱ्या गाड्याहि तेंच काम करीत होत्या. त्या गाड्यांनीं लोकांच्या जोडणीवरून जाणाऱ्या मजकुराचे तुकडेहि गोळा केल्याची कबुली त्या कंपनीला २०१० सालीं द्यावी लागली व मोठें वादळ उठलें. १९४२ सालची गाडी एका यंत्राच्या मागावर होती. ही नवी गाडी सगळ्याच यंत्रांची मोजदाद करीत होती, तीहि अशासाठीं कीं ऐकणाराला स्वतःची जागा कळावी. आतां गाडीचीहि तितकीशी गरज उरलेली नाहीं. लोकांच्या खिशांतील फोनच जातां येतां आसपासच्या यंत्रांचा जोर मोजतात आणि वही ताजी ठेवितात. शिवाय फोन स्वतःहि मधून मधून साद घालीत असतो, आणि त्या सादेचा जोर मोजून दुकानांतील गिऱ्हाइकाची चाल टिपतां येते. ह्यावर उपाय म्हणून २०१४ पासून फोन साद घालतांना खोटीं व बदलतीं नांवें सांगूं लागले. काँग्रेस रेडिओ घर बदलीत असे. आतांचें यंत्र नांव बदलतें. लपण्याची युक्ति तीच, फक्त तिचें स्थान बदललें.

ह्या विद्येचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. वाट चुकलेल्याला वाट सांपडते, अपघातांत सांपडलेल्याकडे मदत लवकर पोंचते, हा लाभ लहान नव्हे. परंतु इतिहास वाचणाऱ्यानें एक गोष्ट डोळ्यांआड करूं नये. मुंबईंत काय किंवा पॅरिसमध्यें काय, सत्तेला लपलेल्या आवाजापर्यंत पोंचावयास शेवटीं कोणाच्या तरी जिभेची गरज पडली होती. सत्तेच्या मार्गांतील तो अखेरचा अडसर होता. कधीं तो भ्याडपणामुळें किंवा लोभामुळें निखळला, कधीं छातीच्या कोटासारखा टिकला. जेथें तीन मीटरांपर्यंत ठिकाण आपोआप नोंदलें जातें तेथें फितूर होण्यास माणूस लागत नाहीं. आणि ज्याच्याकडे नकार देण्याची शक्ति आहे असाहि माणूस मध्यें उरत नाहीं. त्या रिकाम्या जागीं आतां कायद्याला उभें राहावें लागेल. नोंदवही कोणाच्या हातीं असावी, ती कोणी व कोणत्या कारणासाठीं उघडावी, आणि उघडल्याचा जाब कोणी द्यावा, हे प्रश्न तंत्रज्ञांचे नसून नागरिकांचे आहेत. पारेखवाडींतील तबकडी ज्यांनीं थांबविली नाहीं त्यांनीं आपल्या वांट्याचें धैर्य दाखविलें. आपल्या वांट्यास त्या मानानें फारच सोपें काम आलें आहे. तें वेळेवर करणें एवढेंच आपल्या हातीं आहे.